नगरसेविका, महापौर, आमदार आणि आमच्या वाड्याची फाइल

आमच्या वाड्याची फाइल माझ्या गळ्यात पडली कारण मी बँकेतून व्हीआरएस घेतली होती आणि वाड्यात सगळ्यांचं एकमत झालं की हिला आता दिवसभर काय काम आहे. वाडा शनिवार पेठेत. माडीच्या खिडकीतून शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो, पाहुणे आले की पहिले दोन दिवस त्याचं कौतुक करतात, मग रात्री लाकडी जिना वाजायला लागला की तिसऱ्या दिवशी निघतात. मालककाका तळमजल्यावर, आम्ही भाडेकरू तीन पिढ्यांचे, सगळ्यात जुन्या लेले आजी. भांडणं भरपूर पण पाडून नवीन बांधायचं यावर मात्र सगळे तयार झालेले, पुण्यात हे होणं म्हणजे निम्मं काम झालं असं आम्ही समजत होतो. एक बिल्डर आला, बघितलं, चहा घेतला, गच्चीवर जाऊन बुरुजाकडे बघितलं आणि म्हणाला, काकू हे शंभर मीटरमध्ये येतंय, मला जमणार नाही. दुसराही तेच म्हणाला. तोपर्यंत आम्हाला शंभर मीटर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

तर ते असं आहे. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षित स्मारक. 1958 चा कायदा आहे, त्यात 2010 साली दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला सरळ बंदी, त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊन. अंतर मोजायचं ते दरवाज्यापासून नाही, संरक्षित हद्दीच्या रेषेपासून. 100 मीटरच्या आत फक्त दुरुस्ती करता येते, तीसुद्धा 16 जून 1992 च्या आधीची इमारत असेल तर, आणि अर्ज राज्यातल्या सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत जातो दिल्लीतल्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. आता हे सगळं मी जितक्या सहज लिहितेय तितकं सहज कळलं नाही. आम्हाला वाटायचं की वाडा पुण्यात आहे, नळ-ड्रेनेज-कर सगळं पालिकेचं, तर प्रश्नही पालिकाच सोडवणार. आणि नेमकं त्याच वेळी आमच्याच प्रभागाची नगरसेविका महापौर झाली.

फेब्रुवारी 2017 ची पालिका निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागाची होती. एका मतदाराने चार मतं द्यायची, लेले आजी तीनच बटणं दाबून बाहेर यायला निघाल्या तर आतल्या बाईंनी परत बोलावलं. आमच्या प्रभागातून मुक्ता टिळक निवडून आल्या, त्या 2002 पासून सलग नगरसेविका होत्या, आणि त्याच चारांत हेमंत रासनेही होते, त्यांचं नाव पुढे येईलच. 162 जागांच्या सभागृहात भाजपच्या शंभराच्या जवळपास आल्या, महापौरपद त्या वेळी खुल्या गटातल्या महिलेसाठी निघालेलं, आणि मार्चमध्ये टिळक महापौर झाल्या. भाजपचा पुण्यातला पहिला महापौर. आणि लोकमान्यांच्या घराण्यातली सून, केसरीवाड्यात राहणारी, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शहराच्या प्रथम नागरिक. मालककाकांनी पेढे वाटले हो. म्हणाले आता आपलीच महापौर आहे, एक अर्ज टाक, महिन्यात सही होईल.

मी अर्ज टाकला. सुवाच्य अक्षरात, सगळ्यांच्या सह्या, वाड्याचा नकाशा, धोकादायक इमारत म्हणून पावसाळ्याआधी आलेल्या नोटिशीची झेरॉक्स. पालिकेत महापौर कार्यालयात गेले तर बाहेर गर्दी, कोणी शाळेच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन, कोणी मंडळाच्या मांडवाच्या खड्ड्यांचं, एक आजोबा तर पेन्शनचं विचारायला आलेले. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, आणि पत्र पुढे खात्याकडे पाठवतो म्हणाले. तिथेच एक जुने, निवृत्तीला आलेले कर्मचारी होते, त्यांनी कागद वाचला आणि मला बाजूला बसवून जे सांगितलं ते मला एरवी कुठल्याच पुस्तकातून इतकं नीट कळलं नसतं. म्हणाले, ताई, महापौर सभा चालवतात. फाइल आयुक्त चालवतात. पैसे स्थायी समिती सोडते. महापौर पत्र देतील, बैठक लावतील, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतील, पण बांधकामाच्या परवानगीवर महापौरांची सही नसते, कधीच नव्हती. आणि तुमच्या केसमध्ये तर आयुक्तांचीही चालत नाही.

हे खरं आहे आणि हे आपल्याकडे बहुतेकांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात महापालिका कायद्यानुसार कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त म्हणजे राज्य सरकारने पाठवलेला आयएएस अधिकारी, तो महापौरांच्या नाही तर मंत्रालयाच्या हाताखाली. महापौर अडीच वर्षांसाठी, थेट लोकांमधून नाही तर नगरसेवकांमधून निवडलेला, आणि कुणाला संधी मिळणार हे आधी आरक्षणाच्या सोडतीवर ठरतं. पैशाच्या बाबतीत सोळा सदस्यांच्या स्थायी समितीचा अध्यक्ष जास्त वजनदार. पालिकेत ज्यांचं रोजचं येणंजाणं आहे ते लोक महापौरांना नमस्कार करतात आणि स्थायीच्या अध्यक्षांच्या केबिनबाहेर थांबतात, हे मी स्वतः बघितलंय.

मग मी चिकाटीने मुख्य सभेलाही जाऊन बसले, वरच्या गॅलरीत. विषयपत्रिका जाडजूड, पण तहकुबी इतक्या की विचारू नका. वर महापौर खुर्चीत, खाली नगरसेवक एकदम उभे, कोणी पाण्यावर, कोणी कचऱ्यावर, आणि महापौरांचं काम म्हणजे कोणाला बोलू द्यायचं, कोणाला बसवायचं, विषय मतदानाला टाकायचा. मला वर्गशिक्षिका आठवली. त्यात उपसूचना नावाचा एक प्रकार असतो, मूळ विषय राहतो एकीकडे आणि चिकटवलेल्या वाक्यांनी तो कुठच्या कुठे जातो. 2018 च्या जूनमध्ये पालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचं उद्घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते झालं आणि त्याच दिवशी पाऊस येऊन नवं सभागृह गळलं, ती बातमी आमच्या वाड्यात मोठ्याने वाचून दाखवली गेली, वर आमचंही छप्पर गळत होतंच. लेले आजी म्हणाल्या, बघ, त्यांना कळेल आता.

मला प्रश्न पडला की अधिकार नाहीत तर लोक महापौर व्हायला एवढे का धडपडतात. उत्तर जुन्या लोकांकडे बघितलं की कळतं. मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते 1976 ला, पुढे मुख्यमंत्री. छगन भुजबळ 1985 ला मुंबईचे महापौर, त्याच वर्षी माझगावातून आमदार. देवेंद्र फडणवीस 1997 ला नागपूरचे महापौर, तेव्हा वय सत्तावीस, आणि 1999 ला आमदार. म्हणजे महापौरपदात सत्ता नसली तरी चेहरा मिळतो. अडीच वर्षं रोज पेपरात फोटो, प्रत्येक मंडळाच्या व्यासपीठावर पहिली खुर्ची, शहरातल्या प्रत्येक गल्लीतला कोणीतरी ओळखीचा. अधिकार द्यायचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही, 1998 मध्ये युती सरकारने मुंबई आणि नागपूरला मेयर-इन-कौन्सिल आणलं होतं, म्हणजे महापौर आणि त्यांचं छोटं मंत्रिमंडळच कारभार बघणार, पण ते वर्षभरातच गुंडाळलं. माझं मत विचाराल तर राज्यातल्या कुठल्याच पक्षाला शहरात एक ताकदवान महापौर नको असतो. तो झाला तर आमदार-मंत्र्यांना शहरात कोण विचारेल.

असो. तर मुक्ता टिळकांची महापौरपदाची वर्षं मी अशी जवळून, म्हणजे पोच घेऊन परत येणाऱ्या माणसाच्या जवळिकीने, बघितली. जून 2017 मध्ये पालिकेने समान पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली, तेव्हा आम्ही बँकवाले एकमेकांना फोन करून कौतुक करत होतो. मग त्याच वर्षी गणेशोत्सवाचं सव्वाशेवं वर्ष की एकशेसव्वीसावं यावरून पुण्यात जे रण माजलं ते पुण्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू कोणी केला, 1892 ला भाऊसाहेब रंगारींनी की 1893 ला टिळकांनी, आणि पालिका उत्सव साजरा करणार, आणि महापौर कोण तर टिळकांच्याच घरातल्या! आमच्या वाड्यात दोन्ही बाजूचे लोक होते, रंगारींचा गणपती आमच्यापासून जवळ आणि केसरीवाड्याचाही जवळ. आठवडाभर जिन्यात फक्त हाच विषय, वाड्याच्या फाइलचं कोणी नाव काढेना. विसर्जनाच्या सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्याला महापौरांनी हार घालायचा आणि कसबा गणपतीची पूजा करून मिरवणूक सुरू करायची ही पुण्याची पद्धत, त्यामुळे त्या वर्षांत घरातल्याच पणजोबांच्या पुतळ्याला घरातलीच सून महापौर म्हणून हार घालतेय असं दृश्य होतं. पेठेतल्या बायकांना त्याचं अप्रूप होतं, मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

दुसरीकडे सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला, वस्तीत पाणी घुसलं. कालवा पाटबंधारे खात्याचा, म्हणजे राज्याचा. पण लोक ओरडले कोणावर तर पालिकेवर आणि महापौरांवर. पुन्हा तेच. जिथे अधिकार तिथे लोक पोचत नाहीत आणि जिथे पोचतात तिथे अधिकार नाही.

2019 मध्ये गिरीश बापट खासदार होऊन दिल्लीला गेले. 1995 पासून कसब्याचे, म्हणजे आमच्या मतदारसंघाचे, आमदार तेच, एवढ्या वर्षांत आमच्या पोरांना दुसरं नाव माहीत नव्हतं. आता कसबा कोणाला यावर पेठेत चर्चा सुरू झाली आणि भाजपने महापौरांनाच उमेदवारी दिली. गंमत म्हणजे महापौरपदाची अडीच वर्षं खरं तर सप्टेंबरमध्येच संपत होती, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे राज्य सरकारने महापौरांना तीन महिन्यांची मुदतवाढ दिलेली, त्यामुळे त्या महापौर असतानाच आमदारकीला उभ्या. त्यात 25 सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या, आणि आचारसंहिता चार दिवसांपूर्वीच लागलेली. प्रचारफेरी आमच्या गल्लीत आली तेव्हा मी मुद्दाम कान देऊन ऐकलं की लोक काय मागतात. पाणी कमी दाबाने येतं. ड्रेनेजचं झाकण. पार्किंग. म्हणजे आमदारकीच्या उमेदवाराकडे सगळे नगरसेवकाच्या मागण्या घेऊन उभे, आणि मी अडीच वर्षांपूर्वी महापौरांकडे दिल्लीचा कायदा घेऊन गेले होते. सगळ्यांची खिडकी चुकलेली. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला, काँग्रेसच्या अरविंद शिंद्यांपेक्षा सुमारे 28 हजार मतं जास्त घेऊन त्या आमदार झाल्या. नोव्हेंबरमध्ये मुरलीधर मोहोळ महापौर झाले.

आणि मग जे झालं त्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. पालिकेत बहुमतवाल्या पक्षाच्या महापौर होत्या त्या विधानसभेत गेल्या आणि नोव्हेंबरच्या शेवटी सरकार आलं महाविकास आघाडीचं. म्हणजे आमच्या आमदार विरोधी बाकावर, 288 पैकी एक. मालककाका चार दिवस गप्प होते.

तरी मी नवा अर्ज केला. आता मला थोडं कळायला लागलेलं. वाड्यांच्या पुनर्विकासाचे दोन वेगळे प्रश्न आहेत, 100 मीटरचा हा एक, तो केंद्राचा. आणि बाकीच्या पेठांमधले वाडे, जिथे स्मारकाचा संबंध नाही पण प्लॉट इतके चिंचोळे की बाजूला मोकळी जागा सोडली तर खोल्याच उरत नाहीत, तो बांधकाम नियमावलीचा, आणि नियमावली अंतिम करतो राज्याचा नगरविकास विभाग. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच एकत्रित नियमावली लागू झाली तीही तिथूनच. म्हणजे माझ्या मावशीचा सदाशिव पेठेतला वाडा हा आमदाराचा विषय आणि माझा वाडा खासदाराचा. मावशी-भाची जवळजवळच्या पेठांत, एकीची फाइल मुंबईला आणि एकीची दिल्लीला. आमदार यात काय करू शकतो तर तारांकित प्रश्न टाकू शकतो, लक्षवेधी लावू शकतो, अर्ध्या तासाची चर्चा मागू शकतो, मंत्र्याकडे शिष्टमंडळ नेऊ शकतो, राज्याने केंद्राकडे मागणी करावी म्हणून भांडू शकतो. नंबर लागला तर. विरोधी पक्षात असेल तर आणखी नशीब. आमदार निधी असतो, तो तेव्हा दोन कोटींवरून वाढत वाढत 2022 ला पाच कोटी झाला, पण तो काही खासगी वाड्यावर खर्च करता येत नाही, समाजमंदिर, रस्ता, अभ्यासिका असल्या गोष्टींवर जातो. नगरसेवकांची पुण्यात 'स' यादी असते, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठीचा निधी, तिचाच मोठा भाऊ म्हणा.

आणि आमदाराच्या कार्यालयात रोज काय चालतं हे बघाल तर कायदे बियदे नाहीच. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये बिल कमी करायचं पत्र, शाळाप्रवेश, पोलिस चौकीत फोन, रेशनकार्ड. मी बसलेली असताना एक बाई नातवाच्या दाखल्यासाठी आल्या होत्या, त्यांना नगरसेवकाकडे जा म्हटलं तर म्हणाल्या नगरसेवक पण हेच होते ना आधी. यावर काय बोलणार. पेठेतल्या माणसाच्या डोक्यात व्यक्ती एकच असते, पाटी बदलली म्हणून मागणी बदलत नाही.

मग करोना. दीड-दोन वर्षं फाइल कपाटात. पेठा पत्रे लावून बंद, आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू. त्या काळात टिळकांनाही करोना झाल्याची बातमी आली, त्यातून त्या बऱ्या झाल्या, नंतर कॅन्सरचं कळलं. कार्यालय चालू होतं, पत्रं मिळत होती, पण त्या फारशा दिसेनाशा झाल्या.

जून 2022 मधलं मात्र महाराष्ट्रात सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. 10 तारखेला राज्यसभेची निवडणूक, एकेक मत मोलाचं, आणि मुक्ता टिळक पुण्याहून अॅम्ब्युलन्समधून विधानभवनात मत द्यायला गेल्या. चिंचवडचे लक्ष्मण जगतापही तसेच, तेही खूप आजारी. 20 तारखेला विधान परिषदेसाठी परत तेच. हे दोघंही माजी महापौर होते हे त्या वेळी फार कोणी बोललं नाही, जगताप पिंपरी-चिंचवडचे महापौर होऊन गेलेले, पुढे 2009 ला अपक्ष म्हणून चिंचवडमधून आमदार झाले आणि मग भाजपकडून. नदीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. फडणवीसांनी तो राज्यसभेचा विजय या दोघांना अर्पण केला. आमच्या वाड्यात यावरून वाद झाला. एक गट म्हणे काय निष्ठा आहे बाईंची. दुसरा म्हणे इतक्या आजारी माणसाला एवढा प्रवास करायला लावतात का. मला दोन्ही पटत होतं, आणि एक तिसरंही वाटत होतं, की ज्या सभागृहात इतकी वर्षं आमचा प्रश्न यायची वाट बघितली तिथे आमच्या आमदाराची सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका मतामुळे. विधानसभेत आमदाराची किंमत शेवटी मोजली जाते ती अशीच, हे मला त्या दिवशी नीट कळलं. महापौराला निदान सभा थांबवता तरी येते.

22 डिसेंबर 2022 ला त्या गेल्या. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं. 3 जानेवारीला जगताप गेले.

आता एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. पालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती, निवडणूक झाली नाही, त्यामुळे महापौर नाही, नगरसेवक नाहीत, सगळं प्रशासकाकडे. डिसेंबरमध्ये आमदार गेल्या. खासदार बापट स्वतः खूप आजारी. आमच्या पेठेत एका साध्या रहिवासी पत्रावर सही करायला माणूस उरला नव्हता. माझ्या भाचीला पत्ता बदलायचा होता, ती म्हणाली मावशी तू तर सगळ्यांना ओळखतेस. म्हटलं बाई, ज्यांना ओळखते त्यातलं कोणी पदावरच नाही.

फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली. आधी 27 तारीख होती, बारावीच्या परीक्षेमुळे 26 केली. चिंचवडला भाजपने जगतापांच्या पत्नीला उमेदवारी दिली, कसब्यात टिळकांच्या घरात न देता हेमंत रासनेंना, म्हणजे आमच्याच प्रभागाच्या चारांतले दुसरे. त्यावरून पेठांत कुजबुज, फ्लेक्स, ब्राह्मण समाजाला डावललं वगैरे सगळं झालं. समोर काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, स्कूटरवरून फिरणारे, पेठेत कोणाच्याही लग्नाला आणि मयताला हजर. भाजपकडून अख्खं मंत्रिमंडळ आमच्या गल्लीत, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, आणि एवढ्याशा बोळात गाड्यांचे ताफे. चंद्रकांत पाटील सभेत "हू इज धंगेकर" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांना ते वाक्यच मिळालं. बापट नाकात ऑक्सिजनची नळी लावून व्हीलचेअरवर प्रचाराला आले, ते मात्र बघवलं नाही. निकाल 2 मार्चला, धंगेकर जवळजवळ 11 हजारांनी निवडून आले. अठ्ठावीस वर्षांचा गड गेला. चिंचवडला भाजप जिंकली. माझ्या मते लोकांनी टिळकांच्या विरोधात किंवा बाजूने असं काही मत दिलंच नाही, पेठेला इतके महिने कोणी वाली नव्हता, आणि लोकांनी जो रोज दिसत होता त्याला निवडलं.

29 मार्चला बापट गेले. आणि आता बघा, आमची फाइल कोणाची तर खासदाराची, आणि पुण्याला खासदारच नाही. पोटनिवडणूक आयोगाने घेतलीच नाही, कोणीतरी हायकोर्टात गेलं, डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि शेवटी जून 2024 पर्यंत पुणे बिनखासदाराचं. मी तोपर्यंत हुशार झाले होते. म्हटलं कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आपण दुरुस्तीचा अर्ज तर करू. त्यासाठी इमारत 1992 च्या आधीची आहे याचा पुरावा हवा. पुण्यातला वाडा जुना आहे याचा पुरावा! पण हवा म्हणजे हवा. सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढलं, पालिकेतून कर आकारणीचा उतारा, आणि लेले आजींनी पत्र्याच्या पेटीतून आपल्या सासऱ्यांच्या नावच्या भाडेपावत्या काढून दिल्या, काही तर आण्यांतल्या. अंतराची मोजणी, फोटो, काय काय दुरुस्त करणार त्याचं आर्किटेक्टचं पत्रक. यात कुठल्याही महापौराची, आमदाराची सही लागत नाही, हे मला सात-आठ वर्षांपूर्वी कोणी ठणकावून सांगायला हवं होतं.

परवानगी आली. छप्पर बदलता येईल, कुजलेले वासे बदलता येतील, भिंतींना गिलावा. मजला वाढवायचा नाही, पाडून बांधायचं नाही. ते काम झालं आता, जिना नवीन केला तरी वाजतोच, सुतार म्हणाला लाकूड आहे ते वाजणारच.

दरम्यान 2024 ला मोहोळ धंगेकरांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवून खासदार झाले आणि केंद्रात राज्यमंत्रीही, तेही माजी महापौर. विधानसभेला रासनेंनी धंगेकरांना हरवून कसबा परत घेतला, त्याच निवडणुकीत माजी महापौर कमल व्यवहारे अपक्ष उभ्या होत्या. म्हणजे आमच्या पेठेत जिकडे बघाल तिकडे कोणीतरी पालिकेतून वर गेलेलं किंवा जायला निघालेलं. एका अर्थी बरं आहे, या लोकांनी गल्ल्या पायी बघितलेल्या असतात, 100 मीटर म्हणजे नेमकी कुठपर्यंतची घरं हे त्यांना नकाशा न उघडता सांगता येतं. पण तिथे वर गेल्यावर ते किती आठवतं आणि आठवलं तरी पक्ष किती बोलू देतो, ते वेगळं.

सध्या आम्ही शनिवारवाड्याच्या भोवतीच्या सगळ्या वाड्यांचं मिळून एकच निवेदन खासदारांना द्यायचं ठरवलंय, कायद्यात बदलाची मागणी म्हणून, आणि त्याची प्रत आमदारांना. मसुदा मीच लिहिला, तो सगळ्यांना आवडला. आमच्या वाड्याच्या पानावर पहिली सही मालकांची की सगळ्यात जुन्या भाडेकरूची यावर मात्र गेले काही दिवस अडलंय, मालककाका म्हणतात जागा माझी, लेले आजी म्हणतात पावत्या माझ्या.